जाणकार आणि तिऱ्हाईत : मानसशास्त्रज्ञांचे परवाना मंडळ कसे बनते

समुपदेशनाच्या खोलीत दोनच माणसे असतात आणि दार बंद असते. तिथे बोलले गेलेले बाहेर जाणार नाही या भरवशावरच तो सगळा व्यवहार चालतो, कारण तो भरवसा नसेल तर मनातले बोलायला कोणी धजावणार नाही. अशा खोलीतून बाहेर पडलेल्या व्यक्तीने आपल्या मानसशास्त्रज्ञाने आपला गैरफायदा घेतला, गुपित फोडले किंवा चुकीचा उपचार केला अशी तक्रार केली, तर तिला साक्षीदार मिळत नाही आणि निवाडा कोणी करावा हेही सहज ठरत नाही. तो मानसशास्त्रज्ञांवर सोपवला तर ते आपल्या व्यवसायबंधूला सांभाळून घेतील अशी शंका कायम राहते. आणि त्यांना पूर्णपणे दूर ठेवले तर कोणते वर्तन उपचाराचा भाग होते आणि कोणते मर्यादाभंग, हे ज्यांना ओळखता येत नाही अशांच्या हाती निर्णय जातो.

अमेरिकेतील राज्यांनी या पेचातून काढलेली वाट न्यायालयाची नाही आणि व्यावसायिकांच्या संघटनेचीही नाही. बहुतेक राज्यांत कायद्याने स्थापलेले एक छोटे मंडळ असते आणि मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्याचा परवाना देणे, तो नाकारणे, निलंबित करणे किंवा कायमचा काढून घेणे हे त्याचे अधिकार असतात. मंडळावर कोण बसते, त्यांना तिथे कोण नेमते आणि त्यांच्या निर्णयांवर कोणाची देखरेख असते, या तीन गोष्टींवर त्या परवान्याची खरी किंमत ठरते. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात या रचनेचा तपशील बारकाईने मांडलेला असल्यामुळे, आणि तिच्यातल्या उणिवाही त्याच तपशिलातून दिसत असल्यामुळे, तेच उदाहरण इथे मुख्यतः घेतले आहे.

परवाना राज्याचा, देशाचा नव्हे

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार केंद्राकडे दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात, आणि व्यवसायांचे नियमन हा त्यांपैकीच एक अधिकार मानला जातो. १८८९ साली ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय व्यवसायासाठी पात्रतेची अट घालण्याचा राज्याचा हक्क मान्य केला आणि पुढे इतर व्यवसायांच्या परवान्यांनाही त्याचा आधार मिळाला. मानसशास्त्रज्ञांची पाळी मात्र बरीच उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक उपचारांची गरज प्रचंड वाढली, या क्षेत्रात काम करणाऱ्यांची संख्याही वाढली, आणि त्याबरोबर खरा प्रशिक्षित कोण व तोतया कोण हे ओळखण्याची निकडही वाढली. १९४५ साली कनेटिकट राज्याने पहिला कायदा केला. १९७७ साली मिसूरीने तो केला तेव्हा सर्व राज्यांचे वर्तुळ पूर्ण झाले.

कॅलिफोर्नियात पहिले मानसशास्त्रज्ञ १९५८ साली प्रमाणित झाले, परंतु त्या वेळच्या कायद्याने फक्त ‘मानसशास्त्रज्ञ’ या पदवीनामाला संरक्षण दिले होते. म्हणजे पाटीवर तो शब्द न लिहिता तेच काम करणाऱ्याला कोणी अडवू शकत नव्हते. १९६७ साली कायदा बदलला आणि नावाबरोबर प्रत्यक्ष कामही परवान्याच्या कक्षेत आले. सुरुवातीच्या काळात हे काम वैद्यकीय मंडळाच्या अखत्यारीतील एका परीक्षा समितीकडे होते, म्हणजे एका व्यवसायाचा कारभार दुसऱ्या व्यवसायाच्या छत्राखाली चालत होता. हळूहळू त्या समितीची स्वायत्तता वाढत गेली आणि १९९० साली तिला ‘बोर्ड ऑफ सायकॉलॉजी’ हे आजचे नाव मिळाले. आज हे मंडळ राज्याच्या ग्राहकव्यवहार विभागात मोडते. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या अशा अनेक व्यवसायांची मंडळे याच विभागाखाली आहेत, आणि परवाना ही मुळात ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेली तजवीज आहे, ही भूमिका या मांडणीतच दिसते.

इथे ‘मानसशास्त्रज्ञ’ म्हणजे मानसिक आजारांवर औषधे लिहून देणारा डॉक्टर नव्हे. तो मनोविकारतज्ज्ञ, त्याचा परवाना वैद्यकीय मंडळ देते. मानसशास्त्रज्ञाकडे मानसशास्त्रातील डॉक्टरेट असावी लागते, किमान ३,००० तासांचे देखरेखीखालील काम झालेले असावे लागते, आणि त्यातले निदान १,५०० तास डॉक्टरेटनंतरचे असावे लागतात. त्यानंतर २२५ प्रश्नांची एक परीक्षा द्यावी लागते. ती राज्याचे मंडळ स्वतः काढत नाही. अमेरिका आणि कॅनडातील परवाना मंडळांनी १९६१ साली स्थापन केलेली महासंघटना ती तयार करते आणि बहुतेक ठिकाणी तीच वापरली जाते. कॅलिफोर्निया तिच्या जोडीला आपल्या राज्याचे कायदे आणि व्यवसायनीती यांवरची स्वतंत्र परीक्षा घेते.

परवाना राज्यापुरता असल्याने एक व्यावहारिक परिणाम होतो, जो आता मराठी घरांपर्यंत पोचला आहे. ऑनलाइन समुपदेशनात सेवा कुठे दिली गेली असे मानायचे, या प्रश्नावर अमेरिकेतील मंडळांचा सर्वसाधारण दंडक असा, की ग्राहक जिथे बसला आहे तिथे. त्यामुळे पुण्यातील मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी व्हिडिओवरून मराठीत उपचारसत्रे सुरू केली, तर त्या मंडळाच्या दृष्टीने ते काम कॅलिफोर्नियात चाललेले असते आणि तिथल्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो. राज्याराज्यांतील ही अडचण कमी करण्यासाठी ‘सायपॅक्ट’ नावाचा आंतरराज्य करार २०१९ साली अमलात आला आणि बहुसंख्य राज्ये त्यात सामील झाली. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही दोन मोठी राज्ये त्याबाहेर राहिलेल्यांत आहेत.

नऊ खुर्च्या आणि त्या भरणारे तीन हात

कॅलिफोर्नियाच्या मंडळावर ९ सदस्य असतात. त्यांतले ५ परवानाधारक मानसशास्त्रज्ञ असतात आणि ४ जनसदस्य असतात. जनसदस्य म्हणजे त्या व्यवसायाशी संबंध नसलेले, सेवा घेणाऱ्या जनतेच्या बाजूने बसणारे नागरिक. पाचही मानसशास्त्रज्ञांची आणि दोन जनसदस्यांची नेमणूक गव्हर्नर करतो. अमेरिकेतील गव्हर्नर हा भारतातील राज्यपालासारखा केंद्राने पाठवलेला नसून मतदारांनी थेट निवडून दिलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. उरलेल्या दोन जनसदस्यांपैकी एकाला राज्याच्या सिनेटची नियम समिती नेमते आणि दुसऱ्याला असेंब्लीचा सभापती. नेमणुकीचा अधिकार असा वाटून दिल्यामुळे सत्तेवर असलेल्या एकाच व्यक्तीला सगळे मंडळ आपल्या माणसांनी भरता येत नाही, निदान दोन जागांपुरते तरी.

मानसशास्त्रज्ञांची निवड करताना व्यवसायातील वेगवेगळ्या हितसंबंधांना शक्य तितके प्रतिनिधित्व मिळावे, अशी अपेक्षा कायद्याने गव्हर्नरकडून केली आहे. या तरतुदीमागे एक व्यवहारज्ञान आहे. खासगी उपचारगृह चालवणारा, विद्यापीठात शिकवणारा आणि न्यायालयासाठी मानसिक तपासणी करणारा हे तिघे एकाच पदवीचे असले तरी त्यांच्या अडचणी, त्यांचे मोह आणि त्यांच्या चुका निराळ्या असतात; पाचही सदस्य एकाच प्रकारचे काम करणारे असतील तर इतरांच्या कामातला दोष त्यांच्या नजरेतून निसटू शकतो, किंवा जो दोष नाही तोही त्यांना दोष वाटू शकतो.

सदस्यत्वाची मुदत ४ वर्षांची असते आणि सलग दोनच मुदती मिळतात. मुदत संपल्यावर नवा सदस्य येईपर्यंत जुना बसू शकतो, पण जास्तीत जास्त एक वर्ष. हे पूर्णवेळ पद नाही. प्रत्यक्ष कामाच्या प्रत्येक दिवसासाठी कायद्याने १०० डॉलर भत्ता ठरवलेला आहे. रोजचा कारभार, म्हणजे अर्ज तपासणे, परवान्यांचे नूतनीकरण करणे, तक्रारी दाखल करून घेणे, हे सगळे मंडळाने नेमलेला कार्यकारी अधिकारी आणि त्याचा कर्मचारीवर्ग करतो. मंडळाचा खर्च सर्वसाधारण करांतून होत नाही, परवानाधारकांकडून घेतलेल्या शुल्कातून होतो. मानसशास्त्रज्ञांच्या पैशावर चालणारे मंडळ मानसशास्त्रज्ञांचेच असणार, अशी समजूत त्यावरून होऊ शकते. परंतु जनतेचे रक्षण हे मंडळाचे सर्वोच्च प्राधान्य आहे आणि इतर कोणत्याही उद्दिष्टाशी त्याचा विरोध आला तर रक्षणालाच वरचे स्थान मिळेल, असे कायद्यानेच बजावले आहे. व्यावसायिकांच्या हिताची बाजू मांडण्यासाठी त्यांच्या संघटना वेगळ्या आहेत, आणि संघटना व मंडळ या दोन गोष्टी एकच समजणे ही सर्वांत सार्वत्रिक गफलत आहे.

चौकट : मंडळ एका नजरेत (कॅलिफोर्निया)
एकूण सदस्य : ९ (५ मानसशास्त्रज्ञ, ४ जनसदस्य)
नेमणूक : गव्हर्नर ७, सिनेट नियम समिती १, असेंब्लीचा सभापती १
मुदत : ४ वर्षे, सलग दोनच वेळा
गणपूर्ती : ५
अध्यक्ष व उपाध्यक्ष : सदस्यांनी आपल्यातून निवडलेले
पैसा : परवानाधारकांचे शुल्क

तिऱ्हाईत कोणाला म्हणावे

जनसदस्याची कल्पना महाराष्ट्रातील वाचकाला कृषी उत्पन्न बाजार समितीवरून लवकर कळेल. शेतमाल ज्या आवारात विकला जातो त्याचा कारभार केवळ अडते आणि व्यापारी पाहू लागले, तर मापात आणि वजावटीत कोणाचा फायदा होईल हे सांगायला नको. म्हणून त्या समितीवर शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे आणि हमाल-तोलाऱ्यांचे असे निरनिराळे प्रतिनिधी बसतात. मानसशास्त्रज्ञांच्या मंडळावरचे जनसदस्य याच कारणासाठी आहेत. फरक एवढाच, की बाजार समितीतला शेतकरी निवडून येतो आणि त्याला आपला मतदार ठाऊक असतो. जनसदस्याला निवडून देणारा कोणी गट नसतो. त्यामुळे तो खरोखर तिऱ्हाईत आहे ना, याची खात्री कायद्यालाच करून घ्यावी लागते.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ती बऱ्याच काटेकोरपणे करून घेतली आहे. जनसदस्य राज्याचा रहिवासी असला पाहिजे. त्याच्याकडे या मंडळाचा परवाना नसावा, इतकेच नव्हे तर आरोग्यव्यवसायांच्या इतर कोणत्याही मंडळाचाही नसावा. म्हणजे डॉक्टर किंवा परिचारिका ही मानसशास्त्रज्ञ नसली तरी जनसदस्य होऊ शकत नाही. नेमणुकीपूर्वीच्या पाच वर्षांत तो परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचा नोकर किंवा नियमित मालक राहिलेला नसावा. मात्र परवानाधारकाचा ग्राहक किंवा रुग्ण असणे ही अपात्रता नाही, फक्त त्या संबंधाचा वाटा परवानाधारकाच्या एकूण व्यवसायाच्या २ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. उपचार घेतलेली व्यक्ती अशा रीतीने मंडळावर येऊ शकते, हा या तरतुदीचा चांगला भाग होय.

तरीही या व्याख्येत एक उणीव उरतेच. जनसदस्य कोण नसावा हे कायदा सविस्तर सांगतो, पण कोण असावा याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. उपचारांचा अनुभव, रुग्णहक्कांचे काम किंवा कायद्याचे ज्ञान यांपैकी कशाचीही अट नाही. त्यामुळे नेमणूक करणारा जागरूक असेल तर कळकळीचा माणूस येतो, आणि नसेल तर राजकीय ओळखीपाळखीचा. ज्याला विषय नवा आहे अशा सदस्याला परीक्षा, प्रशिक्षण आणि उपचारनीती यांच्या चर्चेत शेजारच्या तज्ज्ञावर विसंबावे लागते, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच समजुतीवर विसंबणारी देखरेख फार काळ धारदार राहत नाही.

गणपूर्तीचे गणित

९ पैकी ५ हे बहुमत कागदावर निसटते दिसते, पण प्रत्यक्षात ते त्याहून भक्कम असते. मंडळाची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, ५ सदस्यांची आहे. पाचही मानसशास्त्रज्ञ हजर असतील आणि एकही जनसदस्य नसेल तरी सभा भरू शकते. उलट चारही जनसदस्य एकत्र आले तरी एखादा मानसशास्त्रज्ञ येईपर्यंत त्यांना काही करता येत नाही. त्यात नेमणुका लांबल्या तर तोल आणखी ढळतो. समजा, दोन जनसदस्यांच्या जागा रिकाम्या आहेत. मग मंडळ ५ विरुद्ध २ असे होते आणि कायद्याने आखलेले प्रमाण एकही नियम न मोडता बदलते. म्हणून अशा मंडळाचे मूल्यमापन करताना कायद्यातील आकड्यांबरोबर रिकाम्या जागा आणि हजेरी हीही पाहावी लागते, आणि हे पाहणे कोणाही नागरिकाला शक्य आहे, कारण राज्याच्या १९६७ सालच्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार मंडळाची कार्यक्रमपत्रिका किमान १० दिवस आधी जाहीर करावी लागते, सभा जनतेसाठी खुली ठेवावी लागते आणि उपस्थित नागरिकांना बोलण्याची संधी द्यावी लागते.

याखेरीज राज्याचे विधिमंडळ ठरावीक वर्षांनी मंडळाची झाडाझडती घेते. कायद्यात मंडळाच्या अस्तित्वाला शेवटची तारीख घातलेली असते, आणि ती जवळ आली की मंडळाला आपला कारभार, प्रलंबित प्रकरणे आणि हिशेब मांडून मुदतवाढ मागावी लागते. या पद्धतीला ‘सनसेट’ म्हणतात. १९७६ साली कोलोरॅडो राज्याने ती प्रथम कायद्यात आणली.

तक्रारीचा प्रवास

मंडळाच्या रचनेची खरी कसोटी शिस्तभंगाच्या प्रकरणात लागते, म्हणून एखादी तक्रार कोणकोणत्या हातांतून जाते ते जवळून पाहणे उपयोगाचे आहे. तक्रार आधी मंडळाच्या कर्मचाऱ्यांकडे येते. ती मंडळाच्या अधिकारात बसते का हे पाहून नोंदी मागवल्या जातात, दोन्ही बाजूंचे म्हणणे घेतले जाते आणि गरज पडल्यास तपास अधिकारी नेमला जातो. उपचाराच्या दर्जाचा प्रश्न असेल तर मंडळाबाहेरच्या एखाद्या मानसशास्त्रज्ञाकडे कागदपत्रे मतासाठी पाठवली जातात. या सगळ्या काळात मंडळाचे नऊ सदस्य त्या प्रकरणापासून मुद्दाम दूर ठेवलेले असतात. ज्यांना शेवटी मत द्यायचे आहे त्यांनी तपासातच भाग घेतला तर त्यांचे मत आधीच बनलेले असेल, हे त्याचे कारण; तक्रारदाराने किंवा आरोपीने एखाद्या सदस्याला गाठून आपली बाजू ऐकवणे हेही त्याच कारणासाठी निषिद्ध आहे.

पुरावा पुरेसा वाटला तर प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे, म्हणजे सरकारच्या वकिलांकडे जाते आणि दोषारोपपत्र दाखल होते. मानसशास्त्रज्ञाने त्याला आव्हान दिले तर सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते. हा न्यायाधीश मंडळाचा नोकर नसतो. सरकारी संस्थांच्या अशा सुनावण्यांसाठी असलेल्या स्वतंत्र कार्यालयात तो काम करतो. साक्षी, उलटतपासणी आणि कागदपत्रे झाल्यावर तो निर्णय लिहितो, परंतु तो फक्त प्रस्तावित निर्णय असतो. तो नऊ सदस्यांपुढे आला की मगच त्यांचे काम सुरू होते. प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारायचा, शिक्षा कमी करायची, की तो बाजूला ठेवून सुनावणीची संपूर्ण नोंद स्वतः वाचून निर्णय द्यायचा, हे त्यांनी मतदानाने ठरवायचे असते, आणि १०० दिवसांत त्यांनी काहीच केले नाही तर प्रस्तावित निर्णय स्वीकारला गेला असे धरले जाते. आरोपी सदस्याच्या ओळखीचा असेल तर त्या सदस्याने मतदानातून बाहेर राहायचे असते.

ज्या प्रकारच्या गैरवर्तनात व्यवसायबंधुत्वाची भीती सर्वांत जास्त वाटते, तिथे कायद्याने मधल्या टप्प्यावरची सवड काढून घेतली आहे. मानसशास्त्रज्ञाने आपल्या रुग्णाशी लैंगिक संबंध ठेवला असा निष्कर्ष निघाला, तर न्यायाधीशाच्या प्रस्तावात परवाना रद्द करण्याचा आदेश असावाच लागतो आणि त्याला तो स्थगित ठेवता येत नाही. याच संदर्भात राज्याने एक माहितीपुस्तिका काढलेली आहे. आधीच्या उपचारकाने असा संबंध ठेवल्याचे एखाद्या रुग्णाने नव्या उपचारकाला सांगितले, तर ती पुस्तिका त्याच्या हाती देऊन तिच्यावर चर्चा करणे नव्या उपचारकाला बंधनकारक आहे. ज्या माणसाने आधीच एकदा विश्वास टाकून इजा करून घेतली आहे त्याला तक्रार कुठे करायची हे शोधत फिरावे लागू नये, एवढी काळजी त्या तरतुदीत दिसते आणि ती फार मोलाची आहे.

दात पांढरे करण्याचा खटला

मंडळावर व्यावसायिकांचे बहुमत असण्यातला धोका सर्वांत स्पष्टपणे समोर आला तो मानसशास्त्रज्ञांच्या नव्हे, दंतवैद्यांच्या प्रकरणात. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंत परीक्षक मंडळावर ६ दंतवैद्य, १ दंतस्वच्छता सहायक आणि १ जनसदस्य असे ८ सदस्य होते, आणि दंतवैद्य सदस्यांना दंतवैद्यच निवडून देत असत. त्या राज्यात दंतवैद्य नसलेल्या काही लोकांनी मॉलमध्ये आणि सौंदर्यप्रसाधनगृहांत दात पांढरे करून देण्याची स्वस्त सेवा सुरू केली. दंतवैद्यांच्या तक्रारी आल्या, आणि मंडळाने हे काम थांबवा असा आदेश देणारी किमान ४७ पत्रे पाठवली. राज्याच्या दंतवैद्यक कायद्यात दात पांढरे करण्याचा उल्लेखच नव्हता, आणि मंडळावरच्या बहुतेक दंतवैद्यांचे स्वतःचे उत्पन्न याच सेवेतून काही अंशी येत होते.

बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० साली मंडळाविरुद्ध कारवाई सुरू केली. मंडळाचा बचाव असा, की आपण राज्याची संस्था आहोत आणि राज्याला मक्तेदारीविरोधी कायदे लागू होत नाहीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो बचाव फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या व्यवसायाचे नियमन करायचे त्याच व्यवसायात सक्रिय असलेल्यांच्या हाती मंडळाचे नियंत्रण असेल, तर त्यांच्या निर्णयांवर राज्याची प्रत्यक्ष देखरेख असल्याशिवाय मंडळाला राज्याचे कवच वापरता येणार नाही. मंडळ कायद्याने स्थापन झाले, त्याच्या नावात राज्य आहे, एवढे त्यासाठी पुरेसे नाही.

या निकालाने देशभरातल्या परवाना मंडळांना आपापल्या खुर्च्या मोजायला लावले. मानसशास्त्रज्ञांच्या मंडळांपुढेही तेच प्रश्न आले: समुपदेशक, विवाह व कुटुंब उपचारक, समाजकार्यकर्ते हे शेजारचे व्यवसाय कुठपर्यंत काम करू शकतात याची सीमा मानसशास्त्रज्ञांनी आखली, तर ती रुग्णाच्या रक्षणासाठी आखली की स्वतःच्या उत्पन्नाच्या, हे कोण तपासणार? मानसिक चाचण्या कोणी घ्याव्यात यावरून या व्यवसायांमध्ये जुने वाद आहेत, त्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

इतर राज्यांच्या वाटा

टेक्सासने २०१९ साली एक वेगळी रचना उभारली. तिथे मानसशास्त्रज्ञ, विवाह व कुटुंब उपचारक, व्यावसायिक समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते अशी चार मंडळे आहेत. त्यांच्यावर एक सामाईक कार्यकारी परिषद नेमली गेली. प्रत्येक मंडळ आपल्यातला एक व्यावसायिक आणि एक जनसदस्य परिषदेवर पाठवते आणि नववा सदस्य, म्हणजे अध्यक्ष, गव्हर्नर जनतेतून नेमतो. हिशेब केला तर परिषदेवर चार व्यवसायांचे मिळून ४ प्रतिनिधी आणि ५ जनसदस्य होतात. व्यवसायाच्या दर्जाविषयीचे नियम मंडळाने सुचवायचे, पण ते अमलात आणायचे की नाही हे परिषदेने ठरवायचे. जाणकारी खालच्या पायरीवर आणि अंतिम होकार वरच्या पायरीवर, अशी ही वाटणी कॅलिफोर्नियापेक्षा अधिक सावध आहे. मात्र चार व्यवसायांचे काम एका परिषदेपुढे आल्याने प्रत्येकाच्या वाट्याला येणारे लक्ष कमी होते, हेही खरे.

न्यूयॉर्कची वाट आणखी निराळी. तिथे व्यवसायांचे परवाने शिक्षण विभाग देतो आणि विभागावर रीजंट मंडळाची सत्ता असते. हे रीजंट राज्याच्या विधिमंडळाने निवडलेले असतात. मानसशास्त्राचे राज्य मंडळ रीजंट नेमतात आणि त्यावर किमान ११ परवानाधारक मानसशास्त्रज्ञ असावेत असा कायदा आहे. मानसशास्त्रज्ञांची एवढी गर्दी कॅलिफोर्नियात धोक्याची ठरली असती. न्यूयॉर्कमध्ये ती चालते, कारण ते मंडळ प्रामुख्याने सल्ला देते आणि सत्ता दुसरीकडे आहे. एखाद्या मंडळावर किती तज्ज्ञ आहेत हे पाहताना त्या मंडळाला प्रत्यक्षात काय करता येते, हे सोबतच पाहिले पाहिजे, ते यासाठी.

भारतातील मांडणी

भारतात मानसशास्त्रज्ञांसाठी प्रत्येक राज्याचे असे स्वतंत्र परवाना मंडळ नाही. अधिकार अनेक कायद्यांत विखुरलेले आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद करते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणांनी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारक आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांची राज्यापुरती नोंद ठेवायची आहे. इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात झाला असून त्या कायद्याने राज्य परिषदांची तरतूद केली आहे. ‘मानसशास्त्रज्ञ’ किंवा ‘समुपदेशक’ अशी पाटी पाहून आत जाणाऱ्या महाराष्ट्रातील सामान्य माणसाला यांपैकी कोणती नोंद विचारायची हे बहुधा माहीत नसते, आणि त्याची अडचण खरी आहे.

तरी रचनेच्या दृष्टीने २०१७ च्या कायद्यातील एक तरतूद लक्ष देण्यासारखी आहे. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद आरोग्य सचिवाकडे असते. अधिकाऱ्यांखेरीज त्यावर शासकीय सेवेत नसलेला एक नामवंत मनोविकारतज्ज्ञ आणि किमान १५ वर्षांचा अनुभव असलेला एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असतो. यांच्याबरोबर ज्यांना मानसिक आजार आहे किंवा होता अशांचे २ प्रतिनिधी, त्यांची काळजी घेणाऱ्यांचे २ प्रतिनिधी आणि स्वयंसेवी संस्थांचे २ प्रतिनिधी असावेत असे कायदा सांगतो. कॅलिफोर्नियाने ज्या जागेसाठी केवळ ‘व्यवसायाशी संबंध नसलेला’ एवढीच ओळख दिली, तिथे भारतीय कायद्याने आजाराचा आणि शुश्रूषेचा अनुभव हीच पात्रता मानली आहे. या प्राधिकरणाला कॅलिफोर्नियाच्या मंडळासारखी तक्रार ते प्रस्तावित निर्णय अशी टप्प्याटप्प्याची शिस्तभंग प्रक्रिया मात्र दिलेली नाही. २०२१ च्या कायद्याखाली राज्य परिषदांचे कामकाज आकार घेताना मानसशास्त्रज्ञांवरील तक्रारींची सुनावणी कोणापुढे होईल आणि त्या सुनावणीत उपचार घेतलेल्या व्यक्तीचा प्रतिनिधी बसेल का, हे दोन मुद्दे महाराष्ट्रातील मानसशास्त्रज्ञांनी आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनी आतापासूनच विचारायला हवेत.